सात वर्षांच्या मुलीला ‘स्मूथ कर्व्ह’ कसा समजावायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत लिहिते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. मोठा मुलगा अभ्यास करताना ‘स्मूथ कर्व्ह’ असं काहीतरी पुटपुटला, दुसरीतल्या धाकटीने ते ऐकलं आणि तुम्हाला विचारलं म्हणजे काय. तुम्ही म्हणालात, ज्या रेघेला कोपरा नसतो ती. तिने विचारलं कोपरा म्हणजे काय, तुम्ही वहीचा कोपरा दाखवलात. मग तिने आठ बाजूंची आकृती काढली, मग वीस बाजूंची, आणि विचारलं की कोपरे एवढे बारीक झाले तर चालतात का. इथे तुम्ही अडकलात, आणि वर ही भीती की आपण घरी काहीतरी सांगून बसायचो आणि शाळेत घोळ व्हायचा.

मुलगी हुशार आहे हे बाकीचे सांगतीलच, ते मी सोडते. मी बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना एम-वन, एम-टू, म्हणजे त्यांचं गणित, शिकवलं, आता सुट्टीच्या दिवशी लहान मुलांबरोबर गणिताचे खेळ घेते, त्यावरून लिहितेय. उत्तर लांबलंय, सवडीने वाचा.

तुम्ही सांगितलंत ते चूक नाहीये. ‘कोपरा नाही’ हे बरोबरच आहे, फक्त त्याने प्रश्न एक घर पुढे सरकतो एवढंच. कोपरा आपण डोळ्याने ओळखतो आणि कोपरा बारीक झाला की डोळा फसतो, पोरीने नेमकं तेच पकडलंय. आता तिला अजून एक व्याख्या देऊन उपयोग नाही, तिला कोपरा तपासायची अशी युक्ती पाहिजे जी तिची तिला करता येईल आणि जिचा निकाल बाबांना विचारावा लागणार नाही.

किती पुढे जायचं हे मात्र मुलावर आहे. पाच वर्षांचं असेल तर खालचा पहिला खेळ खेळून थांबा. आठ-नऊच्या पुढे भिंगाचं प्रकरण छान चालतं. आणि कधीकधी मुलांना फक्त दादा काय बडबडतोय एवढंच कळून घ्यायचं असतं, तेव्हा दोन मिनिटांत विषय संपतो, तोही संपू द्यावा, ताणू नये. तुमची मुलगी मात्र वीस बाजूंपर्यंत आपणहून पोचलीय म्हणजे तिला खरंच खाज आहे.

खेळ असा. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये खडूने मोठी रेघ काढा, चांगली आठ-दहा पावलं लांब, नागमोडी. मुलीच्या हातात लाटणं किंवा फूटपट्टी द्या, छातीशी धरून समोर रोखलेली. नियम एकच, काठीचं टोक नेहमी पाय जिकडे चाललेत तिकडेच. आता रेघेवरून चालायचं. नागमोडी रेघेवर काठी हळूहळू वळत राहते आणि मुलांच्या ते लक्षातही येत नाही. मग दुसरी रेघ काढा, लहान मुलं चित्रात डोंगर काढतात तसे त्रिकोणी डोंगर, एकाला एक लागून. शिखरावर पोचली की बघा काय होतं, पाय जागच्या जागी थांबतात, काठी गर्रकन फिरते आणि मग पाय पुन्हा निघतात. तुम्ही काही बोलू नका, फक्त विचारा, “आत्ता तुझ्या पायांनी काय केलं?” बहुतेक मुलं एकदा परत चालून बघतात आणि सांगतात, थांबले.

झालं, युक्ती मिळाली. पाय थांबले आणि काठी एकटीच फिरली तर तिथे कोपरा. पाय चालू असताना काठी वळत राहिली तर रेघ तिथे स्मूथ. मुलं यानंतर घरातल्या प्रत्येक गोष्टीच्या कडेवर बोट फिरवत सुटतात, ताटली स्मूथ, फरशी कोपरा, मोबाईलची कड यावर तर वाद घालतात, घालू द्या.

आता तुमच्यासाठी, म्हणजे मोठ्यांसाठी, हे नुसतं खेळापुरतं नाही ते सांगते. काठी म्हणजे स्पर्शिका, दहावीच्या भूमितीत वर्तुळाची भेटते तीच. पाय म्हणजे वेग. गणितात ज्याला स्मूथ कर्व्ह म्हणतात त्याच्या अटीत दोन गोष्टी असतात, डेरिव्हेटिव्ह (म्हणजे त्या क्षणी कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललोय ते) सलग बदललं पाहिजे आणि ते कुठेही शून्य होता कामा नये. दुसरी अट पोरं हमखास विसरतात, कारण पुस्तकात ती कंसात कुठेतरी असते. पण थांबायला परवानगी दिली तर कुठलाही कोपरा आरामात पार करता येतो, हळू व्हा, थांबा, वळा, निघा, आणि वेळेप्रमाणे तुमची जागा कशी बदलली याचा ग्राफ एकदम गुळगुळीत येतो. टी म्हणजे वेळ धरून एक्स बरोबर टीचा वर्ग आणि वाय बरोबर टीचा घन घेऊन ग्राफ काढून बघा, दोन्ही सूत्रं इतकी सरळसाधी पण आकृतीला मधोमध सुईसारखं टोक येतं, कारण टी शून्य असताना चालणारा क्षणभर थांबलेला असतो. माझ्या कॉलेजच्या मुलांना मॉड एक्सला (एक्सचं उणे चिन्ह काढून टाकलेली किंमत, ग्राफ इंग्रजी व्हीसारखा) शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह का नाही विचारलं की डावीकडून उणे एक, उजवीकडून अधिक एक असं खडाखड म्हणून दाखवायची, आणि तिथे नक्की काय बिघडतं ते बोटाने दाखव म्हटलं की वर्ग शांत. लहान मुलं बोटाने दाखवतात.

मुलं मग पळवाटा शोधतात, तिथेच खरी मजा. एक पळवाट म्हणजे कोपऱ्याजवळ आतून छोटा गोल घेऊन वळायचं. त्याला सांगायचं, मस्त, पण तुझे पाय खडूच्या रेघेवर राहिले का. दुसरी पळवाट भारी आहे, डोंगराचं टोक फार निमुळतं असलं तर काठी फिरवायचीच नाही, सरळ उलटं चालत मागे यायचं. काठी तर एकटी फिरली नाही, मग कोपरा कुठाय? पण पाय थांबले की नाही ते विचारा. पुढे जाणाऱ्याला मागे यायचं तर मध्ये थांबावंच लागतं. म्हणून आमच्याकडे नियम पक्का होतो तो असा, थांबायचं नाही आणि उलटं चालायचं नाही.

पुण्या-मुंबईची मुलं असली तर मी इथे बोरघाटातल्या रेल्वेची गोष्ट घालते. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगराच्या कडेला वळण घ्यायला जागा नव्हती म्हणून गाडी एका बाजूने यायची, थांबायची आणि उलट्या दिशेने दुसऱ्या रुळावरून पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवीन मार्ग काढून ती भानगड संपवली. जुना मार्ग कागदावर काढला की मुलं लगेच ओरडतात, टोक आलं टोक आलं. गाडीला न थांबता जाता येईल असा मार्ग पाहिजे तर रेघेला टोक चालत नाही, हे त्यांना यात फार पटकन पटतं.

पाऊस असेल, गच्ची नसेल तर ताटात रवा किंवा रांगोळी पसरा आणि मराठी आकडे बोटाने गिरवायला सांगा, कुठे बोट थांबतं ते बघायचं. शून्य, काही अडचण नाही. ७ सुद्धा एका दमात जातो. ३ मध्ये मात्र बोट मधल्या खाचेत आत शिरतं, थांबतं, बाहेर येतं, आणि ६ मध्ये तेच उलट्या बाजूने. ४ वर भांडण होतं कारण रेघ स्वतःलाच ओलांडते, पण बोट कुठे थांबतं का? नाही थांबत. रेघेने रेघेला ओलांडणं वेगळं आणि कोपरा वेगळा, हे त्या एका आकड्यात कळून जातं. हे सगळं अर्थात आपण अक्षर कसं काढतो त्यावर पण आहे, काही मुलं ३ चा मधला भाग चक्क गोल गाठ मारून काढतात, त्यांचा ३ स्मूथ. तेही मान्य करून टाकायचं.

एक गोष्ट मुद्दाम करा, एखादं अगदी घट्ट वळण काढा, मसुराच्या दाण्याएवढं. मुलं त्याला कोपराच म्हणतात. इथे पाय कामाचे नाहीत कारण पाय वळणापेक्षा मोठे, तर तेच वळण मोठं करून गच्चीवर काढा. मोठं केल्यावर चालता आलं तर ते आधीही वळणच होतं. आणि इथून आपोआप तुमच्या मुलीच्या अवघड प्रश्नाकडे येतो.

वीस बाजू. पन्नास बाजू. कोपरे बारीक झाले की चालतात का? उत्तर आहे नाही, आणि कारण तिला हातात देता येतं. गुण्याच्या कोपऱ्यावर भिंग धरा. बाजू लांब दिसतात, जाड दिसतात, पण नव्वद अंशाचा कोन नव्वदच राहतो. मोठं केल्याने कोन बदलत नाही, सगळी गोम इथे आहे. छत्तीस बाजूंच्या आकृतीत प्रत्येक कोपऱ्यावर काठी १० अंश फिरते, ३६० बाजूंच्यात १ अंश, पण जितकी फिरते तितकी ती पाय थांबवूनच फिरते आणि कितीही भिंगं एकावर एक ठेवली तरी तो १ अंश तिथेच बसलेला असतो.

वर्तुळाचं काय होतं ते बघायला भिंगाची पण गरज नाही. बांगडीचा गोल मोठा करायचा म्हणजे काय करायचं, मोठा गोल घ्यायचा, कारण सगळे गोल एकमेकांचे लहान-मोठे फोटोच असतात. बांगडी, ताट, परात, सगळ्यांच्या कडा कागदावर गिरवा आणि प्रत्येकीवर ५ सेंटीमीटर लांबीची पट्टी आडवी टाका, अशी की दोन्ही टोकं रेघेवर येतील. आता मध्ये पट्टी आणि रेघ यांत किती फट राहते ते मोजा. ६ सेंटीमीटर व्यासाच्या बांगडीला ती फट १३ मिलिमीटरच्या आसपास येते, ४० सेंटीमीटरच्या परातीला जेमतेम दीड. मुलीला विचारा, परात गच्चीएवढी असती तर? गावाएवढी असती तर? ती स्वतःच म्हणेल की फट उरणारच नाही, रेघ सरळच दिसेल. म्हणजे गोल मोठा मोठा करत गेलं की त्याचा तुकडा सरळ होत जातो आणि कोपरा मात्र कोपराच राहतो. वीस बाजूंची आकृती आणि वर्तुळ लांबून सारखी दिसतात, जवळ गेलं की एक सुधारतं आणि दुसरं नाही.

घरी कॉम्प्युटर असेल तर लोगो नावाची जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, १९६७ मध्ये सिमोर पॅपर्ट आणि मंडळींनी लहान मुलांसाठीच बनवलेली, त्यातल्या कासवाला, म्हणजे पडद्यावर रेघ ओढत फिरणाऱ्या खुणेला, एक पाऊल पुढे, एक अंश उजवीकडे, असं ३६० वेळा करायला सांगितलं की पडद्यावर गोल उमटतो. तो गोल नसतो, ३६० बाजूंचा असतो, आणि तुमच्या मुलीला आता हे कासव नक्की कुठे लबाडी करतंय ते सांगता येईल.

थोडं विषय सोडून, पण तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगते. रेघ सलग आहे ना, मग मोजकी ठिकाणं सोडली तर बाकी ती स्मूथ असणारच, असं एकोणिसाव्या शतकात बऱ्याच गणितज्ञांना अगदी मनापासून वाटायचं. व्हायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८७२ मध्ये अशी सलग रेघ दाखवली जिला कुठेच स्पर्शिका मिळत नाही. कॉख या स्वीडिश गणितज्ञाने १९०४ मध्ये चित्र काढता येईल असं उदाहरण दिलं, त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूचा मधला तिसरा भाग काढून तिथे छोटं टोक बसवायचं, मग पुन्हा तेच, मग पुन्हा. बाजू ३ च्या १२, १२ च्या ४८, ४८ च्या १९२. मुलं ४८ पर्यंत हौसेने काढतात आणि मग पेन्सिल टाकून देतात. तर डोळ्यावर विसंबून फसणारे तुम्ही एकटे नाही.

घरात खेळण्यातली रेल्वे असली तर आणखी एक पायरी चढता येते, नसली तरी सायकलवर जमतं. खेळण्याच्या रुळात सरळ तुकडे असतात आणि गोलाचे तुकडे असतात. सरळ तुकड्याला गोल तुकडा जोडला तर जोडावर काठी एकटी फिरते का? नाही. म्हणजे आपल्या नियमाने रूळ स्मूथ. पण खऱ्या रेल्वेत असं थेट जोडत नाहीत. का ते सायकलवर कळतं, सरळ जाताना हँडल सरळ, गोल फिरताना हँडल एका जागी तिरकं धरलेलं, आणि सरळवरून तिरकं करायला थोडा वेळ लागतो ना, तेवढ्या वेळात सायकल पुढे गेलेली असते. तो मधला तुकडा धड सरळ नाही आणि धड गोलाचाही नाही. रेल्वेवाले त्याला ट्रान्झिशन कर्व्ह म्हणतात, आपल्याकडे भारतीय रेल्वेत तो साधारण क्युबिक पॅराबोला (वाय हा एक्सच्या घनाच्या प्रमाणात वाढतो असा वक्र) असतो, आणि वळणावर बाहेरचा रूळ जो उंच ठेवतात ती उंचीही त्याच तुकड्यात हळूहळू वाढवत नेतात. नाहीतर डब्यात उभी असलेली माणसं प्रत्येक जोडावर एका बाजूला फेकली जातील. तर स्मूथपणाच्याही इयत्ता आहेत. काठी झटका खात नाही ती पहिली, हँडलही झटका खात नाही ती दुसरी, आणि पुढे चालूच. दादाला सांगा याच्या मागे सी-वन, सी-टू अशी नावं आहेत, आणि एक्स गुणिले मॉड एक्सचा ग्राफ काढून बघ म्हणावं, पहिलीत पास, दुसरीत नापास.

सात वर्षांच्या मुलीला हे सगळं एका बसण्यात सांगू नका बरं का. मी तर रुळाचा भाग मुलांनी स्वतः सायकल शिकेपर्यंत काढतच नाही.

हाताला काम हवं असेल तर दोऱ्याचं चित्र करा. कागदावर एल आकारात दोन रेघा, दोन्हींवर कोपऱ्यापासून १ ते १० अशा एकेक सेंटीमीटरवर खुणा. आता उभ्या रेघेवरचा १ आडवीच्या १० ला जोडा, २ ला ९, ३ ला ८, बेरीज ११ येईल अशा जोड्या लावत जा. सगळ्या रेघा पट्टीने काढलेल्या, सरळ, पण त्यांच्या पोटातून एक सुंदर वक्र दिसायला लागतो. लहान मुलांना गणित शिकवण्यासाठी असे वक्र शिवण्याची कल्पना मेरी एव्हरेस्ट बूल यांची, गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या पत्नी आणि ज्यांच्यावरून शिखराला नाव पडलं त्या सर्व्हेवाल्या एव्हरेस्ट साहेबांची पुतणी. मुलांना मात्र मी विचारते की या सरळ रेघा कोण आहेत. उत्तर आहे, त्या काठ्या आहेत. वक्रावरून चालताना काठी जशी जशी धरली असती तशी प्रत्येक वेळची काठी आपण कागदावर काढली आणि वक्र न काढताच दिसला. यात नुसतं दोरा आणि पट्टी वाटतं, पण फोनमधल्या ट्रूटाइप फाँटच्या अक्षरांच्या कडा याच जातीच्या तुकड्यांनी बनतात, म्हणून अक्षर कितीही झूम केलं तरी कड गुळगुळीत राहते आणि फोटो झूम केला की पायऱ्या पायऱ्या दिसतात. हे तिला फोनवर करून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

राहिली शाळेची भीती. प्राथमिकला सरळ रेषा आणि वक्र रेषा असे दोन वेगळे गट शिकवतात, आणि आपल्या काठीच्या नियमाने सरळ रेघही स्मूथ कर्व्हच ठरते, काठी अजिबात फिरतच नाही, मग एकटी कुठून फिरणार. तुमची मुलगी हे शोधून काढणार, नक्की. तेव्हा पुस्तक चूक आहे असं म्हणू नका, कारण चूक नाहीये, तिथे फक्त ओळखायला शिकवायचंय म्हणून दोन टोपल्या केल्यात. परीक्षेत टोपल्यांप्रमाणे लिहायचं, गच्चीवर काठीप्रमाणे. मुलांना याचा अजिबात त्रास होत नाही, आजोळी एक नियम आणि घरी दुसरा हे त्यांना रोजचंच असतं. आणि बाईंनी कधी वर्गात कोपरा म्हणजे काय विचारलं तर तिला उभं राहून चालून दाखवू दे, पट्टी दप्तरात असतेच.